परसातला स्वयंपाकओटा : आधी रांगोळीने आखा, मग बांधा



गटाच्या बैठकीत कर्जमागणीची वेळ आली की कारणं ठरलेली असतात. खत-बियाणं, शाळेची फी, दवाखाना, म्हैस, घराचे पत्रे. आमच्या एका बैठकीत एका ताईने वेगळंच कारण सांगितलं, "मागच्या दारी चूल बांधायचीय." बायका हसल्या. "चुलीला कुठं कर्ज काढतात व्हय?" ताई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "सासूबाईंना रात्रभर खोकला येतो. घरात धूर करू नका म्हणाले डॉक्टर. गॅसवर सगळं भागत नाही आणि पावसात बाहेर चूल पेटत नाही. मी काय करू, तुम्हीच सांगा." मग कोणी हसलं नाही.

त्या ताईचा प्रश्न आपल्या भोर-वेल्ह्यातल्या निम्म्या घरांचा प्रश्न आहे. म्हणून या अंकातला पाठ परसातल्या स्वयंपाकाच्या जागेवर. पाठ वाचून झाला की पुढच्या बैठकीत त्यावर बोला.

गॅस आला तरी चूल का राहिली?

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरांत गॅस आला. चहा, भाजी, पोरांचा डबा गॅसवर होतो. पण दहा माणसांच्या अंघोळीचं पाणी, गुरांचं आंबोण, भाकऱ्यांची चळत, सणावाराचं मोठं पातेलं, उन्हाळ्यात कुरडयांचा चीक, हे सगळं गॅसवर केलं तर सिलिंडर महिनाभरसुद्धा पुरायचा नाही. म्हणून चूल राहिली, पण ती कुठे राहिली ते बघा. कुठे पडवीच्या कोपऱ्यात, कुठे गोठ्याला लागून, कुठे उघड्यावर तीन दगड मांडून.

धुराने काय होतं ते आपल्याला डोळ्यांनी कळतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या स्वयंपाकाच्या धुराने २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. यात सर्वांत जास्त त्रास कुणाला? चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आणि तिच्या मांडीवरच्या लेकराला.

एक गैरसमज मात्र काढून टाका. चूल बाहेर नेली म्हणजे धूर संपला, असं होत नाही. बाई वाकून फुंकर मारते तेव्हा धूर सरळ तिच्या नाकातोंडात जातो, मग वर आभाळ असो की कौल. जागा बदलायची तशी चूलही सुधारायची, आणि सरपणही वाळवायचं. ही तिन्ही कामं एकत्र झाली तरच फरक पडतो.

सुधारित चूल आपल्याकडे नवी नाही. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ पर्यंत तो चालला. 'लक्ष्मी', 'भाग्यलक्ष्मी' अशा नावांच्या चुली आपल्या राज्यात आल्या. पुण्या-फलटणच्या 'आरती' या संस्थेने कुंभारांना साचे देऊन अशा चुली करायला शिकवलं. तरीही सरकारी कार्यक्रमातल्या कितीतरी चुली पुढे मोडून पडल्या. कुठे घरातलं पातेलं चुलीच्या तोंडावर बसत नव्हतं, कुठे धुराड्यात काजळी साचली आणि ते कसं साफ करायचं हे कुणी सांगितलंच नाही. यातून आपण एकच शिकायचं : जी रांधते तिला विचारून चूल बांधली पाहिजे. म्हणून पहिलं काम आपलं आहे, गवंड्याचं नाही.

पायरी पहिली : कामांची यादी

एका आठवड्यात परसात काय काय रांधता ते लिहून काढा. रोजचं वेगळं, सणाचं वेगळं, उन्हाळी वाळवणाचं वेगळं. प्रत्येक कामापुढे भांड्याचा घेर सुतळीने मोजून लिहा. सर्वांत मोठं पातेलं, तवा आणि पाण्याचा हंडा, ही तीन मापं तर हवीतच. चुलीचं तोंड या मापांवरून ठरतं. यादी केल्यावर काही जणींना कळेल की आपल्याला अख्खा स्वयंपाकओटा नकोच आहे, पाणी तापवायची एक चांगली चूल आणि तिच्यावर छप्पर एवढंच पुरे. तेवढाच खर्च करा.

पायरी दुसरी : जागा

आपल्याकडे जागा ठरवताना पाऊस आणि वारा आधी बघायचा. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून घराच्या पूर्वेला किंवा ईशान्येला जागा असेल तर चांगलं. घराचा आडोसा मिळतो आणि धूरही घरात न येता पुढे जातो. पण डोंगराच्या कुशीत, खिंडीच्या तोंडाशी वारा कसाही वळतो. काठीला फडकं बांधून आठ दिवस तुमच्याच परसात बघा. शेजारणीच्या खिडकीत धूर जाणार नाही ना, हेही बघा. नाहीतर चुलीवरून भांडण पेटायचं.

आणखी चार गोष्टी तपासा.

गंज आणि गोठा : पेंढ्याच्या गंजीपासून निदान तीस फूट लांब. ठिणगी वाऱ्याने किती जाते याचा नेम नसतो.

पाणी : विहीर किंवा बोअरपासून सांडपाण्याचा खड्डा पन्नास फूट लांब असावा.

चढ : पावसाचा लोंढा जिथून वाहतो ती जागा सोडा. जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून एक फूट तरी वर घ्या.

वाट : मागच्या दारापासून फार लांब नको. रात्री, पावसात, हातात गरम भांडं घेऊन किती पावलं चालायचं याचा विचार करा. वाटेवर दिवा आणि पाय न घसरणाऱ्या फरश्या हव्यात.

पायरी तिसरी : रांगोळीने आखा

ही पायरी फुकट आहे आणि सर्वांत महत्त्वाची आहे. सुतळी आणि टेप घेऊन जमिनीवर खऱ्या मापात नकाशा काढा. रांगोळी नसेल तर राख चालेल. पाच-सहा माणसांच्या घराला दहा फूट बाय आठ फूट जागा पुरते. त्यात चुलीचा ओटा, परात ठेवायची जागा, पाण्याचं पिंप, भांडी घासायची मोरी आणि सरपण, हे सगळं आखा.

मग एक दिवस त्या रेषांत खरोखर वावरा. पिंपापासून चुलीपर्यंत जा. पीठ मळायला वळा. पातेलं उतरवून ठेवायचं झालं तर कुठे ठेवाल? नात धावत आली तर कुठून येईल? दोघी एकदम काम करताना एकमेकींना धक्का लागतो का? सासूबाईंनाही उभं करून बघा. चुकलेली रेघ पायाने पुसून नवी काढता येते, विटांची भिंत पुसता येत नाही.

मोरी आणि पिंप एका बाजूला, चूल दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कामाचा ओटा, अशी मांडणी बहुतेक जणींना सोयीची पडते. सरपण हाताशी हवं, पण चुलीला चिकटून नको.

पायरी चौथी : ओट्याची उंची

गुडघे दुखतात म्हणून पुष्कळ जणी उभ्याचा ओटा मागतात. गवंडी शहरातल्यासारखा कमरेइतका ओटा बांधून मोकळा होतो. त्यावर दहा इंचाची चूल ठेवली की तवा छातीशी येतो आणि वाफ तोंडावर. म्हणून हिशोब करा.

सरळ उभ्या राहा, कोपर दुमडा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्या. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर साधारण ३८ इंचांवर येतं. तवा त्याच्या सहा ते आठ इंच खाली हवा, म्हणजे ३० ते ३२ इंचांवर. त्यातून चुलीची दहा इंच उंची वजा करा. उरले २० ते २२ इंच. तुमचा चुलीचा ओटा एवढाच, म्हणजे साधारण गुडघ्याच्या जरा वर. पीठ मळायचा, चिरायचा ओटा मात्र ३२ इंचांच्या आसपास ठेवा. दोन्ही ओटे एका उंचीचे बांधू नका.

पाण्याचा हंडा आणि सणाचं मोठं पातेलं यांची चूल वेगळी, खाली जमिनीलगत ठेवा. उकळतं पाणी उंचावरून उतरवणं धोक्याचं. ज्यांना बसूनच भाकरी थापायची सवय आहे त्यांनी ती मोडायला हवी असं नाही. पण उंच ओट्याचा एक फायदा लक्षात घ्या : रांगतं मूल विस्तवापर्यंत पोचत नाही.

पायरी पाचवी : चूल

साध्या तीन दगडांच्या चुलीत लाकडातली साधारण दहावा हिस्सा उष्णताच भांड्याला मिळते. बाकीची इकडे तिकडे जाते. सुधारित चुलीत तीन गोष्टी वेगळ्या असतात. विस्तवाखाली जाळी असते, तिच्यातून खालून हवा लागते. विस्तवाचं तोंड बेताचं असतं, भसाभस लाकूड घालता येत नाही. आणि पहिल्या भांड्याखालून निघालेली आच आतल्या बोळातून दुसऱ्या भांड्याखाली जाते, तिथून धुराड्यात.

आपल्या भातखाचरांच्या भागात चुलीसाठी चांगली वस्तू घरातच आहे : भाताचं तूस. चिकणमाती, तूस आणि शेण एकत्र मळून दोन-तीन दिवस मुरू द्या. तुसामुळे भिंत हलकी होते आणि उष्णता आत धरून ठेवते. चूल सावलीत वाळवा. उन्हात वाळवली तर तडे जातात. पुरती वाळायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर मोठा विस्तव करू नका. विस्तवाच्या जागी सिमेंटचा गिलावा टिकत नाही, फुटतो. ओढ्यातला ओला दगडही लावू नका, तापला की तडकतो.

धुराडं चार इंची, तापाला टिकणाऱ्या नळाचं घ्या. पीव्हीसीचा नळ वितळतो. नळ छपराच्या वर दोन फूट न्या आणि वर टोपी बसवा, नाहीतर पाऊस चुलीत उतरेल. महिन्यातून एकदा काठीला फडकं बांधून काजळी काढायची. अमावस्येला किंवा बचत भरण्याच्या दिवशी, असा एक दिवस ठरवून टाका, म्हणजे विसर पडत नाही.

पायरी सहावी : छप्पर

वेल्ह्याच्या घाटमाथ्याकडचा पाऊस आणि भोरच्या पूर्वेकडचा पाऊस यांत फार फरक आहे. केळद, पासलीकडे जो उतार लागतो तो नसरापूरकडे लागणार नाही. घाटाकडे दर चार फुटांना एक फूट उतार द्या आणि पत्रा दोन फूट बाहेर काढा. उंच बाजू साडेआठ फूट, बुटकी साडेसहा फूट. पश्चिमेची बाजू बंद करा. विटा परवडत नसतील तर कारवीचा कूड शेणामातीने लिंपून घ्या, आपल्या जुन्या घरांना तोच होता. फक्त तो चुलीपासून तीन फूट लांब हवा. बाकीच्या निदान दोन बाजू मोकळ्या ठेवा. चारी बाजू झाकल्या तर ती पुन्हा धुराची खोलीच झाली.

पत्रे नुसते दगड ठेवून दाबू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून वर आलं तेव्हा आपल्या जिल्ह्यातही कितीतरी घरांचे पत्रे उडाले. पत्रे बोल्टने वाशांना आवळा आणि खांब दीड-दोन फूट जमिनीत पुरा. जुने सिमेंटचे पत्रे वापरणार असाल तर ते करवतीने कापू नका, घासू नका. त्यांतल्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला वाईट.

पायरी सातवी : सांडपाणी आणि सरपण

मोरीचं पाणी परसात साचलं की डास आले. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल शोषखड्डा घ्या. तळाला मोठे दगड, वर लहान, वर बारीक खडी. पाणी खड्ड्यात जाण्याआधी भोकं पाडलेल्या मडक्यातून जाऊ द्या आणि मडक्यात नारळाच्या शेंड्या भरा. तेलकट गाळ तिथेच अडतो. शेंड्या अधूनमधून बदला. रोजगार हमीतून शोषखड्डा घेता येतो का, ते ग्रामपंचायतीत विचारा. जिथे पावसाळ्यात जमिनीलाच पाझर फुटतात तिथे खड्डा भरून वर येतो. अशा ठिकाणी पाणी चरातून केळी, अळू, कर्दळीला सोडा.

सरपणाची माच जमिनीपासून दीड फूट उंच करा. लाकूड फोडून मार्च-एप्रिलमध्येच छपराखाली रचा. ओलं लाकूड म्हणजे बरीच आच पाणी उडवण्यात जाते आणि धूर वाढतो. जमिनीवरच्या ढिगात विंचू, फुरसं, घोणस दबा धरून असतात. म्हणून काठीने हलवल्याशिवाय हात घालू नका आणि संध्याकाळचं सरपण उजेडातच काढून ठेवा. साप चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

गॅस बाहेर ठेवायचा असेल तर

सिलिंडर उभा, सपाट जागेवर, चुलीपासून दहा फूट तरी लांब. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा बंद कप्प्यात ठेवू नका. नळी पाच वर्षांनी बदला. वास आला तर १९०६ हा क्रमांक लावा.

आणि कुठलीही चूल असो, पदर खोचलेला हवा आणि पाण्याची बादली जवळ हवी. भाजलं तर वीस मिनिटं साध्या पाण्याच्या धारेखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका.

पैशाचा हिशोब

भाव गावोगाव वेगळे, म्हणून इथे आकडा देत नाही. वहीत तीन रकाने करा : घरचं काय आहे (माती, तूस, शेण, जुने वासे, दगड), श्रमाने काय होईल (खोदाई, लिंपण) आणि विकत काय आणायचं (पत्रे, बोल्ट, नळ, जाळी, सिमेंट, गवंड्याची मजुरी). शेवटचाच रकाना कर्जाचा.

समजा १२,००० रुपये उचलले. दरमहा १,००० मुद्दल आणि शेकडा एक रुपया व्याज. पहिल्या महिन्याला व्याज १२०, दुसऱ्याला ११०, असं उतरत शेवटच्या महिन्याला १०. वर्षाचं व्याज झालं ७८०. आता हे वाचलेल्या सिलिंडरशी, सरपणाच्या मोळ्यांशी आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्यांशी ताडून बघा.

बांधकाम सुरू करण्याआधी जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. भाऊबंदकीतलं सामाईक परस असेल तर आधी बोलून घ्या. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावता येतं. ते लागलेलं नसेल तर याच निमित्ताने अर्ज करा. कर्ज तुमच्या नावावर आणि घर मात्र नाही, असं नको.

जेवण विकायचं असेल तर

राजगड-तोरण्याच्या पायथ्याला, गुंजवणे, पाली, वेल्हे भागात सुट्टीच्या दिवशी गडावर येणारी माणसं पिठलं-भाकरी मागतात. परसातल्या ओट्यावर हा धंदा होऊ शकतो. लहान प्रमाणावर विक्री असेल तर अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरते. पिण्याचं पाणी झाकलेलं, हात धुवायची सोय वेगळी, शिजलेलं अन्न जमिनीवर नाही आणि गुरं-कोंबड्या आत येणार नाहीत असं कुंपण, एवढं आधीपासून आखा. सुरुवातीला मात्र घरापुरतंच बांधा. गिऱ्हाईक वाढलं तर पुढे वाढवता येईल अशी एक बाजू मोकळी ठेवा.

वेळापत्रक

माघात यादी आणि आखणी. होळीनंतर जोतं, खांब, छप्पर. चैत्रात चूल, म्हणजे सावलीत वाळायला वेळ मिळतो. वैशाखात सरपण माचेवर. मृग लागायच्या आत सगळं उरकलं पाहिजे. एकटीने न करता चौघींनी मिळून एका आठवड्यात एकीची चूल लिंपली तर महिन्यात चौघींच्या होतात.

बैठकीत करायचं काम

१. गटातल्या किती जणींच्या घरी रोज चूल पेटते? ती कुठे आहे?
२. घरात सतत खोकला किंवा डोळ्यांची आग कुणाला आहे?
३. चुलीसाठी कर्ज द्यायचं का? द्यायचं तर किती आणि किती हप्त्यांत? ठराव लिहा.
४. एका सभासदाच्या परसात जाऊन सगळ्यांनी मिळून रांगोळीने आखणी करा.

सुरुवातीच्या ताईचं काय झालं, असं विचाराल. गटाने तिला कर्ज दिलं. ओटा झाला, चूल झाली. आखणीच्या दिवशी सासूबाईंनी स्वतः उभं राहून तवा हातभर अलीकडे घ्यायला लावला. त्यांचा खोकला पुरता गेला नाही. वर्षानुवर्षांचा धूर एका पावसाळ्यात निघत नाही, आणि औषध चालूच आहे. पण आता रात्री घरात धूर कोंडत नाही. हप्ते वेळेवर चालू आहेत. आणि बैठकीत चुलीसाठी कुणी कर्ज मागितलं तर कोणी हसत नाही.